ब्रेक मऊ पडतो, टायर कोणते घ्यावेत?

प्रश्न : माझ्याकडे २०० सीसीची बाइक आहे. कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर चार-पाच लॅप झाल्या, की पुढच्या ब्रेकचा लिव्हर मऊ पडून थेट हँडलच्या मुठीला टेकतो. पॅड बदलू का? स्लिक टायर घालू का?
– एक हौशी रायडर, पुणे

उत्तर : आधी ब्रेक ऑइल बदला. लिव्हर कडक राहून गाडी थांबत नसेल, तर संशय पॅडवर घ्यावा. तुमचा लिव्हर मऊ पडतोय, म्हणजे कॅलिपरमधलं ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे होतायत. हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतं. ओलावा धरल्यावर ही मर्यादा १५५ पर्यंत उतरू शकते. सीलबंद डब्यातलं डॉट ४ किंवा ५.१ भरा आणि हवा नीट काढून घ्या. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं असतं, ते यात चालणार नाही.

ब्रेक झटक्यात ओढू नका. आधी हलका दाब द्या, वजन पुढच्या चाकावर येऊ द्या, मग जोर वाढवा. गाडी वळणात जितकी झुकेल, तितकी बोटं सैल करत जा.

स्लिकची घाई नको. टायर वॉर्मर नसेल तर ते तापेपर्यंत घसरतात आणि पावसात अजिबात उपयोगाचे नाहीत. सॉफ्ट कंपाउंडचे स्पोर्ट रेडियल पुरेत. पिटमध्ये येताच, टायर गरम असतानाच हवा मोजा आणि कंपनीने ट्रॅकसाठी दिलेल्या आकड्याशी जुळवा.