अमानत

मुलांनो, तुमच्या घरी वीजजोडणीचे किंवा गॅसचे जुने कागद असतील, तर ते एकदा काढून पाहा. त्यांत कोठेतरी 'अनामत रक्कम' असे शब्द छापलेले दिसतील. ग्रंथालयाचे सभासद होताना आपण काही पैसे भरतो आणि सभासदत्व सोडले की ते परत मिळतात. तीही अनामतच. निवडणुकीला उभा राहणारा उमेदवारसुद्धा अशी रक्कम भरतो. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मते त्याला मिळाली नाहीत, तर ती जप्त होते.

हा शब्द तुम्हांला थोडा ओळखीचा वाटला ना? वाटणारच, कारण तो तुमच्या घरातलाच आहे. अरबी भाषेतील 'अमानत' हा शब्द फारसीच्या वाटेने मराठीत आला. बोलता बोलता 'म' आणि 'न' यांनी आपापल्या जागा बदलल्या आणि 'अमानत'ची 'अनामत' झाली. रूप बदलले, पण अर्थ सुटला नाही. आपल्या हाती असलेली, परंतु आपल्या मालकीची नसलेली वस्तू, असाच त्याचा अर्थ आहे.

अलिफ, मीम आणि नून या तीन अक्षरांपासून अरबीत पुष्कळ शब्द तयार होतात. अमन, ईमान, मोमिन, अमीन हे सारे एकाच कुटुंबातले. मराठीतील 'इमान' आणि 'बेइमान' हेही त्यांचेच नातेवाईक. भीती नसणे, निर्धास्त असणे हा या अक्षरांचा मूळ अर्थ आहे. म्हणजे अमानत ही केवळ ठेवलेली वस्तू नव्हे. ती सोपवून माणूस घरी जातो आणि शांत झोपतो, ती त्याची निर्धास्त झोपही त्या शब्दात आहे.

मक्का हे व्यापाराचे शहर होते. तेथील काफिले सीरिया आणि येमेनपर्यंत जात. महिनेच्या महिने बाहेर राहणाऱ्या माणसाने आपले मौल्यवान सामान कोठे ठेवावे? त्या काळी बँका नव्हत्या. विश्वासाचा माणूस शोधावा लागे. हजरत मुहंमद पैगंबर यांना मक्केतील लोक तरुणपणापासून 'अल-अमीन', म्हणजे विश्वासू, म्हणत. पुढे त्यांनी धर्माचा उपदेश सुरू केला, तेव्हा याच शहरातील सरदार त्यांच्या विरोधात गेले. इ. स. 622 मध्ये तर त्यांना ठार मारण्याचा कट रचला गेला आणि पैगंबरांनी मदिनेला जायचे ठरवले.

त्या रात्रीही मक्केतील लोकांच्या ठेवी पैगंबरांकडेच होत्या, असे सीरतच्या ग्रंथांत सांगितले आहे. गंमत पाहा! त्यांचे म्हणणे लोकांना मान्य नव्हते, पण ठेव सोपवायला त्यांच्याहून चांगला माणूस सापडत नव्हता. पैगंबरांनी हजरत अलींना मागे थांबायला सांगितले. तरुण अली त्या रात्री पैगंबरांच्या बिछान्यावर झोपले. बाहेर मारेकरी उभे होते. त्यानंतर तीन दिवस मक्केत राहून त्यांनी ज्याची त्याची ठेव परत केली आणि मगच ते मदिनेच्या वाटेला लागले.

मुसलमानांना तर आपली घरेदारे मक्केत टाकून जावे लागले होते. त्याच्या बदल्यात या ठेवी ठेवून घेतल्या असत्या, तर? मनात असा हिशेब येणे सोपे आहे. पण ठेवीचा मालक शत्रू झाला, म्हणून ठेव आपली होत नाही. अमानत ज्याची त्याला पोहोचवावी, असा आदेश कुरआनच्या सूरे निसामध्येही आहे.

अमानतीचा आणखी एक नियम समजून घेऊ. समजा, गावी जाताना तुमच्या मित्राने आपली सायकल तुमच्याकडे ठेवली. तुम्ही ती कुलूप लावून नीट ठेवली, तरीही चोराने नेली. अशा वेळी इस्लामी कायद्याप्रमाणे भरपाई तुमच्याकडे मागता येत नाही. पण मित्राला न विचारता तुम्ही ती बाजारात नेली आणि तेथून ती गेली, तर भरपाई तुम्हीच द्यायची. कर्जाचे तसे नाही. कर्जाचे पैसे वापरता येतात, पण ते चोरीला जावोत की जळोत, परत करावेच लागतात.

हजरत जुबैर हे पैगंबरांचे एक सोबती होते. लोक त्यांच्याकडे पैसे ठेवायला येत. जुबैर त्यांना सांगत की, ही अमानत नको, हे कर्ज समजा. कारण अमानत हरवेल अशी मला भीती वाटते. सगळा धोका त्यांनी असा आपल्या अंगावर घेतला. इ. स. 656 मध्ये ते मारले गेले, तेव्हा असे साठत गेलेले कर्ज 22 लाखांवर पोहोचले होते. रोख रक्कम मात्र घरात काहीच नव्हती. होत्या त्या जमिनी आणि घरे.

मुलगा अब्दुल्ला याने हिशेब हाती घेतला. मदिनेजवळची गाबा नावाची जमीन जुबैरांनी 1 लाख 70 हजारांना घेतली होती. ती 16 लाखांना गेली. अब्दुल्ला बिन जाफर यांचे 4 लाख येणे होते. ते म्हणाले की, हवे तर मी हे पैसे सोडून देतो. मुलाने ते मानले नाही. त्यांना त्याच जमिनीतला हिस्सा तोडून दिला.

सारे कर्ज फिटले. मग भावंडे म्हणू लागली, आता आमचा वारसा वाटून दे. अब्दुल्ला कबूल होईना. हजच्या दिवसांत दूरदूरचे लोक एकत्र येतात. तेथे तो उभा राहून पुकारत असे की, जुबैरांकडे ज्याचे काही येणे असेल, त्याने यावे आणि घेऊन जावे. अशी चार वर्षे गेली. त्यानंतरच त्याने वाटणी केली.