स्प्रिंग बदलण्यापूर्वीं

लोहाऱ्याहून दारव्ह्याच्या वाटेनें दुचाकीवर जाणाऱ्यास आपल्या भागांतील रस्त्यांचा स्वभाव वेगळा शिकवावा लागत नाहीं. आपली जमीन काळी. पावसाळ्यांत ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यांत वाळून आकसते आणि तिला हात जाईल अशा भेगा पडतात. वर कितीही चांगलें डांबर पसरलें तरी खालची माती अशी वर्षानुवर्षे हालत राहिल्यामुळें रस्त्यावर लाटा उठतात, कडा खचतात आणि भेगांतून पाणी शिरून खड्डे पडतात. या लाटा व हे खड्डे सोसण्याचें काम दुचाकीच्या ज्या अवयवांकडे असतें, त्यांचा विचार आम्ही या पाठांत करणार आहों.

हा विषय घेण्यास एक कारण घडलें. अलीकडे जुन्या वळणाच्या मोटारसायकलींची आवड तरुणांत पुष्कळ वाढली आहे. गोल दिवा, फुगीर टांकी व मागें दोन बाजूंस दोन उभ्या स्प्रिंगा असें त्यांचें रूप असतें. अशी गाडी घरीं आली कीं थोड्याच दिवसांत मुलगा वडिलांस म्हणतो, "बाबा, कंपनीचे शॉकअप बरोबर नाहींत, दुसरे बसवूं या." हा खर्च आवश्यक आहे काय, व असल्यास तो कोणत्या क्रमानें करावा, हें विद्यार्थी व पालक या उभयतांस समजावें, एवढाच आमचा हेतु आहे.

प्रथम आपल्या बंडीकडे पाहूं. तिच्या आंसाला स्प्रिंग नसते, म्हणून चाक जितकें उसळतें तितकाच बसणारा उसळतो. शेतकरी खालीं कडबा किंवा पोतें अंथरतो व तेवढ्यानें भागवितो. टांग्याला मात्र पाट्यांच्या कमानी असत. एकावर एक ठेवलेले ते पोलादी पाटे वांकतांना परस्परांवर घासत, आणि त्या घर्षणानें धक्क्याचा जोर थोडा आपोआप जिरत असे. आरंभींच्या मोटारसायकली बंडी व टांगा यांच्या मधल्या होत्या. रॉयल एन्फिल्डनें १९३२ सालीं 'बुलेट' हें नांव प्रथम वापरलें, तेव्हां तिचें मागचें चाक सांगाड्यास घट्ट जखडलेलें होतें. चालविणाऱ्याची कंबर वांचविण्यास बैठकीखालच्या स्प्रिंगा एवढाच आधार. जर्मनींतील बीएमडब्ल्यू कंपनीनें १९३५ सालीं पुढच्या चाकासाठीं एकांत एक सरकणाऱ्या व आंत तेल असलेल्या नळ्यांचा फोर्क बाजारांत आणला. १९४८ सालीं दाखविलेल्या नव्या बुलेटचें मागचें चाकही दोन शॉकअपांच्या आधारें वरखालीं हालूं लागलें. १९५५ सालीं मद्रासेस एन्फिल्ड इंडिया कंपनी निघाली आणि हा घाट आपल्या देशांत रुजला.

आजच्या 'क्लासिक ३५०' या गाडीचें रूप त्याच काळचें आहे. परंतु १९४८ चा सांगाडा तिच्यांत शोधूं नये. २०२१ सालीं निघालेल्या तिच्या नव्या आवृत्तींत पुढच्या फोर्काच्या नळ्या ४१ मिलिमीटर व्यासाच्या असून त्यांची चाल १३० मिलिमीटर आहे. मागें दोन शॉकअप असून त्यांचा ताण सहा पायऱ्यांनीं कमीजास्त करतां येतो. गाडीचें वजन १९५ किलो. म्हणजे चेहरा आजोबांचा असला तरी पाय नातवाचे आहेत. तेव्हां "जुन्या घाटाची गाडी म्हणून धक्के बसतात" हें म्हणणें बरोबर नव्हे.

आतां मूळ तत्त्वाकडे वळूं. शॉकअपांत दोन निरनिराळे कामकरी असतात. पहिला स्प्रिंग. रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञानें १६७८ सालीं प्रसिद्ध केलेला नियम आपण शाळेंत शिकतों, तो असा कीं, भार जितक्या पटीनें वाढवावा तितक्या पटीनें स्प्रिंग दबते. समजा, मागच्या दोन्ही स्प्रिंगा मिळून एक सेंटिमीटर दबण्यास ४० किलो भार लागतो. तर ८० किलोला त्या दोन सेंटिमीटर दबतील. पण स्प्रिंगेचा एक दोष आहे. तिनें घेतलेला बहुतेक जोर ती परत देते. नुसत्या स्प्रिंगेवरची गाडी एका खड्ड्यानंतर पुढें कितीतरी वेळ झुलत राहील.

तें झुलणें थांबविणारा दुसरा कामकरी म्हणजे तेल. रंगपंचमीची पिचकारी आठवा. दट्ट्या हळू दाबला तर पाणी सहज निघतें. जोरानें दाबला तर बारीक भोंक पाण्यास अडवितें व हातास मोठा विरोध जाणवतो. शॉकअपांतील दट्ट्या असाच तेलांतून फिरतो. धक्क्याचा जोर तेलांत जिरून त्याची उष्णता होते. काळांतरानें हें तेल खराब होतें, त्याचा विरोध घटतो, आणि गाडी लाटांवर होडीसारखी डोलूं लागते. थोडक्यांत, भार उचलणें हें स्प्रिंगेचें काम आणि उसळी आवरणें हें तेलाचें काम. एकाचा दोष दुसऱ्याच्या माथीं मारला कीं पैसा फुकट जातो.

हें आम्ही पुस्तकांत वाचून सांगत नाहीं. आम्हीं स्वतःच तो प्रमाद केला आहे. आमची गाडी डोलते असें वाटल्यावरून एका दुकानदाराच्या शब्दावर विसंबून आम्हीं मागें अधिक कडक व किंचित् उंच शॉकअप बसविले. पहिल्याच आठवड्यांत मातोश्रींस मागें बसवून निघालों असतां एका ओळखीच्या खड्ड्यावर गाडीचें मागचें चाक जमिनीवरून उचललें गेलें. आम्ही कसेबसे सावरलों. मातोश्री पडल्या नाहींत, परंतु त्यांची कंबर महिनाभर धरली. घरीं येऊन त्या एवढेंच म्हणाल्या, "पहिली गाडी हळू हालायची रे, ही तर फेकून देते." सारें शास्त्र त्या एका वाक्यांत होतें. आमची स्प्रिंग दुबळी नव्हतीच. फोर्कांतील तेल जुनें झालें होतें व मागच्या टायरांत हवा प्रमाणाबाहेर भरलेली होती. मूळचे शॉकअप पुन्हां बसवून, तेल बदलून व हवा ठीक करून निम्म्याहून अधिक त्रास गेला, आणि खर्च नव्या शॉकअपांच्या मानानें अगदींच किरकोळ आला.

यावरून जो क्रम आम्ही शिकलों तो असा. प्रथम टायरांतील हवा कंपनीनें सांगितलेल्या प्रमाणांत आहे कीं नाहीं तें पाहावें. कारण टायर हीच गाडीची पहिली स्प्रिंग होय. नंतर फोर्काच्या नळ्यांवर तेल पाझरतें काय व मागच्या चाकाच्या सांध्यांतील बुश ढिले झाले आहेत काय, हें मिस्त्रीकडून तपासून घ्यावें. तिसरी पायरी मोजण्याची. मोठ्या माणसानें नेहमींच्या पद्धतीनें गाडीवर बसावें व दुसऱ्यानें गाडी तोलून धरावी. फोर्काच्या उघड्या नळीवर बांधलेला सैल दोरा तिसऱ्यानें खालच्या रबरी कड्यापर्यंत सरकवावा. मग उतरून, गाडी मधल्या स्टँडवर घेऊन पुढचें चाक अधर करावें, आणि दोरा व कडें यांतील अंतर मोजावें. हें अंतर एकंदर चालीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याइतकें असावें, असा साधारण ठोकताळा आहे. चाल १३० मिलिमीटर असेल तर सुमारें ३३ ते ४३ मिलिमीटर. मागच्या बाजूस चाकाचा आंस व वरची एखादी खूण यांतील अंतर चाक अधर असतां व माणूस बसला असतां मोजून वजाबाकी करावी.

मागचें माप जास्त आलें तर शॉकअपाची पायरी एकेक करून चढवावी. येथें एक सामान्य गैरसमज दूर केला पाहिजे. पायरी चढविल्यानें स्प्रिंग कडक होत नाहीं. ती आधींच थोडी दाबली जाते, म्हणून गाडी वर उचलली जाते, इतकेंच. मागें नेहमीं कोणी बसत असेल तर ती चढवावी, एकट्यानें जातांना उतरवावी.

इतकें करूनही गाडी वारंवार तळास आदळत असेल, तरच नव्या भागांचा विचार करावा. पुढें योग्य तेल व भाराप्रमाणें उत्तरोत्तर कडक होत जाणाऱ्या स्प्रिंगा बसवितां येतात. मागें नवे शॉकअप घेतांना दोन्ही टोकांच्या भोंकांमधील लांबी मूळच्याइतकीच असावी. मागची बाजू उंच झाली कीं पुढचा फोर्क अधिक उभा होतो, हँडल चंचल बनतें व साखळीचा ताणही बदलतो. कांहीं शॉकअपांत तेलाशेजारीं मोठ्या दाबाचा नायट्रोजन वायु असतो. ते घरीं उघडणें जिवावर बेतेल.

पालकांनीं आणखी दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वयें नोंदणीच्या तपशिलाशीं विसंगत असा फेरफार गाडींत करतां येत नाहीं. म्हणून कांहीं बदलण्यापूर्वीं चौकशी करावी. तसेंच गिअरची मोटारसायकल चालविण्यास अठरा वर्षें पूर्ण व्हावीं लागतात. अल्पवयीन मुलानें गाडी चालवून गुन्हा केल्यास २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणें पालकांस तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड होऊं शकतो. तोंवर विद्यार्थ्यांनीं मोजपट्टी व दोरा हातीं घ्यावा. त्यास परवाना लागत नाहीं.

ही विद्या परकी नाहीं. १९६१ सालीं स्थापन झालेल्या गॅब्रिएल इंडिया कंपनीचे शॉकअप चाकण व नाशिक येथें बनतात. छत्रपति संभाजीनगराजवळ वाळूज येथें एन्ड्युरन्स कंपनी तेंच काम करते. आपल्या लोहाऱ्यासही औद्योगिक वसाहत आहे. आज जो मुलगा दोरा बांधून १३० चा तिसरा हिस्सा काढील, तोच उद्यां अशा कारखान्यांत स्प्रिंगेचें माप ठरवील, अशी आशा आम्हीं कां धरूं नये? मात्र त्यानें एक नियम पाळावा: आधीं मोजावें, मग समजून घ्यावें, आणि बदलावें तें सर्वांत शेवटीं. मागें बसलेल्या माणसाची कंबर त्याला दुवा देईल.