दिंडी दरवाजा आणि फायरवॉल

जुना वाडा ज्यांनी पाहिला असेल त्यांना त्याच्या मोठ्या दरवाजातील दिंडी ठाऊक असेलच. मोठी दारे एरवी बंद असत. येणाऱ्याजाणाऱ्यासाठी त्यांतच एक लहानसे दार ठेवलेले असे, आणि त्यातून एका वेळी एकच माणूस, तोही वाकून, आत येई. आत आल्यावरही त्याला सर्वत्र मोकळीक नसे. परका ओसरीवर थांबे, आप्त माजघरापर्यंत जाई, आणि तिजोरीच्या खोलीत तर घरातीलही मोजकीच माणसे पाऊल टाकीत. संगणकांच्या जाळ्यात हेच काम फायरवॉल करते. हा शब्द मूळचा बांधकामातला. एका बाजूची आग दुसऱ्या बाजूस पसरू नये म्हणून मध्ये जी भिंत घालतात, तिला हे नाव होते.

एखाद्या शाळेचे उदाहरण घेऊ. तेथे विद्यार्थ्यांची संगणकशाळा आहे. गुणपत्रके व शुल्काचे हिशेब ठेवणारे कार्यालय आहे. आणि ग्रंथालयाची सूची दाखविणारा एक सर्व्हर आहे, जो पालकांनाही घरून पाहता यावा अशी योजना आहे. या तिन्हींच्या पलीकडे बाहेरचे जग, म्हणजे इंटरनेट. ही सारी सरमिसळ न ठेवता त्यांचे निरनिराळे विभाग पाडतात. त्यांना 'झोन' म्हणतात. बाहेरच्यांना जेथवर येऊ द्यायचे, त्या सर्व्हरच्या विभागास 'डीएमझेड' असे नाव आहे. ते युद्धशास्त्रातून आले आहे. १९५३ च्या युद्धविरामानंतर दोन कोरियांमध्ये राहिलेला निःसैन्य पट्टा हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय. आपल्या भाषेत सांगायचे तर ती वाड्याची ओसरीच.

एका विभागातून दुसऱ्यात जाणारा प्रत्येक संदेश फायरवॉलपाशी थांबतो. परंतु एकाच विभागातील दोन संगणकांचे बोलणे बहुधा तिच्याकडे जातच नाही. म्हणून कोणास कोणाशेजारी बसवावे, याचा विचार नियम लिहिण्याच्या आधीच करावा लागतो.

आता नियम कसा लिहितात ते पाहू. त्यात काही प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात: संदेश कोणत्या विभागातून व कोणत्या पत्त्यावरून निघाला? कोणत्या विभागात व कोणत्या पत्त्याकडे चालला? कोणत्या प्रोटोकॉलने व कोणत्या पोर्टवर? आणि शेवटी, अनुमती की नकार? पोर्ट म्हणजे संगणकाचे क्रमांक दिलेले दार. हे क्रमांक ६५,५३५ पर्यंत जातात. सुरक्षित संकेतस्थळांसाठी ४४३, नावावरून पत्ता शोधण्यासाठी ५३, विंडोज संगणकांतील फायलींच्या देवाणघेवाणीसाठी ४४५, असे काही क्रमांक रूढ आहेत. आपल्या विद्यार्थ्यांना सूची पाहता यावी यासाठी नियम एवढाच पुरे: संगणकशाळेतून, १९२.१६८.३०.१० या एकाच सर्व्हरकडे, टीसीपी प्रोटोकॉलने, पोर्ट ४४३ वर, अनुमती. ही झाली दिंडी.

येथे तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, क्रम. बहुतेक फायरवॉल नियम वरून खाली वाचतात व जो प्रथम जुळेल तोच लागू करतात. म्हणून वर व्यापक नकार लिहून खाली अनुमती दिली तर ती निष्फळ ठरते. दुसरी, अखेरचा नियम. ज्यास स्पष्ट अनुमती नाही त्यास नकार, हाच यादीचा शेवट असावा. तिसरी, दिशा. ग्रंथपालास कार्यालयातून सूची सुधारता यावी म्हणून कार्यालयाकडून सर्व्हरकडे जाणारी वाट द्यावी. सर्व्हरकडून कार्यालयाकडे नव्हे. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर परत येऊ देण्याचे भान आधुनिक फायरवॉलला असते. त्यासाठी उलट नियम लागत नाही. अशाने उद्या एखाद्या दुष्टाने तो सर्व्हर काबीज केला, तरी तेथून गुणपत्रकांकडे जाण्यास त्याला सरळ वाट सापडत नाही.

परंतु नियम लिहूनही काम अडले की मोह होतो. 'सर्वांना सर्वत्र अनुमती' असा एक नियम घातला की सारे क्षणात चालू होते. मोठा दरवाजा सताड उघडला की दिंडीची अडचण उरत नाही, हे खरेच! पण त्याची किंमत काय पडते, हे १२ मे २०१७ रोजी जगाने पाहिले. 'वॉनाक्राय' नावाचा उपद्रवी प्रोग्राम कोणी काही न उघडताच, पोर्ट ४४५ वाटे, संगणकामागून संगणक ग्रासत गेला आणि फायली कुलूपबंद करून खंडणी मागू लागला. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्यसेवेतील २३६ ट्रस्टांपैकी किमान ८० ट्रस्टांना त्याची झळ लागली. रुग्णांच्या ठरलेल्या भेटी व शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. मूळ दोषावरील दुरुस्ती मार्चमध्येच निघाली होती. तिकडील राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने त्याच वर्षी असा निष्कर्ष काढला की, दुरुस्ती केलेली असो वा नसो, इंटरनेटकडील फायरवॉलची नीट व्यवस्था ठेवली असती तरी या संस्थांचे रक्षण झाले असते.

मग काम अडल्यास काय करावे? प्रथम फायरवॉलची नोंदवही, म्हणजे 'लॉग', वाचावी. कोणता संदेश कोणत्या नियमाने अडविला ते तीत दिसते. सर्व्हर पत्त्याने उघडतो पण नावाने उघडत नाही, तर पोर्ट ५३ ची वाट राहून गेली असावी, असे अनुमान करावे. नियम बसल्यावर जे उघडावयास हवे ते उघडते का, एवढेच पाहून थांबू नये. जे बंद राहावयास हवे ते बंद आहे का, हेही संगणकशाळेतून कार्यालयाचा पत्ता हाकारून तपासावे. आणि प्रत्येक नियमापुढे तो कशासाठी व केव्हा घातला हे लिहून ठेवावे, म्हणजे गरज संपल्यावर तो काढता येतो.

वाट कोणालाच देऊ नये, असा फायरवॉलचा आग्रह नाही. ज्याला ज्या कामासाठी जेथे जावयाचे, तेवढीच वाट त्याला द्यावी, आणि दिंडीने काम होत असता मोठा दरवाजा उघडू नये, एवढेच आपण या धड्यातून घ्यावयाचे आहे.