ब्रीदरची चोच थिनरमध्ये बुडवू नका

प्रश्न : वडिलांची जुनी, कास्ट आयर्न इंजिनाची बुलेट पुन्हा चालू करायला घेतली आहे. इंजिनाच्या ब्रीदरमध्ये काळा, चिकट मळ साचलाय. नळीच्या टोकाला बदकाच्या चोचीसारखं रबर आहे, त्याचे ओठ एकमेकांना चिकटून बसलेत. इथले मिस्त्री म्हणतात, ‘सब थिनर में डाल दो, चकाचक हो जाएगा.’ टाकू का? आणि एवढ्याशा रबराचं काम तरी काय?
– एक वाचक, अभनपूर (जि. रायपूर)

उत्तर : धातूचे भाग हवे तर टाका, रबर अजिबात नको.

आधी कामाचं सांगतो. साडेतीनशेच्या बुलेटच्या सिलिंडरचा व्यास 70 मिलिमीटर आणि पिस्टनची धाव 90. म्हणजे पिस्टन खाली आला की क्रँककेसमधली जागा दर खेपेला 346 घन सेंटिमीटरने कमी होते. मिनिटाला 3000 फेऱ्या धरल्या तर हे सेकंदाला 50 वेळा. ती हवा जाणार कुठे? चोचीचे ओठ उघडतात, हवा बाहेर पडते. पिस्टन वर गेला की ओठ मिटतात आणि बाहेरची हवा आत शिरत नाही. त्यामुळे आतला दाब एकंदरीत कमी राहतो आणि ऑइल जागेवर टिकतं. रेल्वेच्या डब्ल्यूडीएम-2 या आल्को डिझेल इंजिनात याच कामासाठी वेगळा एक्झॉस्टर पंखा असतो. बुलेटला रबराचा तुकडा पुरतो.

ओठ चिकटले की दाब दुसरी वाट शोधतो, आणि ती गॅसकेट नाहीतर ऑइल सीलमधून निघते. ‘बुलेट म्हटली की गळणारच’ असं म्हणत सांध्यांवर सिलिकॉनचे थर चढवणाऱ्यांनी आधी ही चोच पाहिली असती तर बरंच सिलिकॉन वाचलं असतं.

आता थिनर. त्यात टोल्युइन, अ‍ॅसिटोनसारखे द्राव असतात. इंजिनात सहसा वापरतात ते नायट्राइल रबर ऑइलला दाद देत नाही, पण या द्रावांत ते फुगतं, मऊ पडतं आणि वाळल्यावर पहिल्या मापावर येईलच असं नाही. ओठ जरा जरी वाकडे झाले तरी झडप संपली. कार्ब्युरेटर क्लीनरच्या फवाऱ्याचंही तेच. डिझेल, रॉकेल त्या मानाने सौम्य, तरी रबर त्यात रात्रभर पडू देऊ नका.

म्हणून चोच आणि नळी आधी सोडवून घ्या. ओढून निघत नसेल तर स्क्रू ड्रायव्हर खुपसू नका. गरम पाण्यात भिजवलेली चिंधी थोडा वेळ गुंडाळून ठेवा, मग पिळत पिळत काढा. चिकटलेल्या ओठांवर ताजं इंजिन ऑइल चोळून ठेवा. जुन्या ऑइलचा चिकटा नव्या ऑइलने सुटतो आणि रबराला त्याची सवय असतेच. मग कोमट पाणी, भांड्याचा साबण आणि जुना मऊ टूथब्रश. चोचीच्या दोन्ही कडा चिमटीत हलकेच दाबल्या की ओठ उघडतात. त्यातून साबणाचं पाणी सोडा. तार किंवा सुई घालायची नाही. सावलीत वाळवा.

धातूचा डबा किंवा जाळी असेल तर ती डिझेलमध्ये भिजवून ब्रशने घासा. पंक्चरवाल्याकडची हवा मारायला हरकत नाही, फक्त रबर लावलेलं असताना नको. अ‍ॅल्युमिनियमला कॉस्टिक सोडा लावाल तर मळाबरोबर धातूही खाल्ला जाईल. पेट्रोल टाळा; वाफ पेटायला एक ठिणगी पुरते.

काळ्या मळात साईसारखा पांढरट थर दिसला तर घाबरू नका. गाडी थोडीशी चालवून बंद केली की आतली पाण्याची वाफ उडून जात नाही, ऑइलशी घुसळली जाते. इंजिन नीट तापेपर्यंत राजिमपर्यंत एक फेरी मारली की हा त्रास कमी होतो. मात्र धूर सतत भकाभका येत असेल तर दोष चोचीचा नाही, पिस्टन रिंगा तपासा.

धुतलेल्या चोचीत रुंद बाजूने फुंकून पाहा. फुंकर निघून जायला हवी आणि हवा ओढली की ओठ मिटायला हवेत. फटीच्या कोपऱ्यांत चिरा असतील किंवा रबर वाकवताना कडक लागलं तर नवंच घ्या. किंमत किरकोळ असते. सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून बसवणारे कलाकार सगळीकडे भेटतात, पण ते रबर ऑइलमध्ये फुगतं. सलाइनची नळीही नको, तापलेल्या ऑइलने ती कडक होते. दुकानात जाताना जुना तुकडा सोबत न्या आणि बसवताना चोचीचं तोंड खाली ठेवा, म्हणजे आत ऑइल किंवा पाणी साचून राहणार नाही.