दुखणे जोडाचे, औषध बॅटरीला
गाडीच्या बॅटरीचे सैल टर्मिनल : ओळख आणि दुरुस्ती

आपल्यापैकी पुष्कळ व्यापारी बंधूंचे पोट आज गाडीवर आहे. नंदुरबार, शहादा, तळोदा, अक्कलकुवा, धडगाव, नवापूर या भागात आठवडे बाजार करणारा कापडवाला, भांडीवाला, बांगडीवाला घ्या, किंवा सारंगखेड्याच्या यात्रेत पाल ठोकणारा कारागीर घ्या. गाडी वेळेवर निघाली तर बाजार, नाहीतर घरी बसा. म्हणून या वेळी कापडाच्या भावाविषयी न लिहिता एका लहानशा बिघाडाविषयी लिहीत आहोत. हा बिघाड दुरुस्त करायला खर्च जवळजवळ काहीच नाही. न ओळखल्यामुळे आम्हाला मात्र तो फार महागात पडला.

आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाले, इंजिनिअरिंगशी संबंध नाही. जे शिकलो ते नुकसान सोसून शिकलो.

आमच्यावर आलेला प्रसंग

होळीच्या आधीच्या आठवड्यात सातपुड्यात भोंगऱ्या बाजार भरतात. डोंगरातली माणसे सणाची खरेदी त्याच बाजारात करतात. कापडवाल्याचा वर्षातला मोठा गल्ला याच दिवसांत होतो. आम्ही सुरतेहून उधारीवर लुगडी, साड्या, शर्टिंग आणि टॉवेल भरून ठेवले होते.

त्याच्या काही दिवस आधी आमच्या पिकअप गाडीचा सेल्फ अधूनमधून लागेना. चावी फिरवली की नुसता 'टक' आवाज. एका दुकानदाराने पाहिले आणि 'बॅटरी गेली' म्हणाला. नवी घेतली. आठ दिवस गाडी उत्तम चालली. नंतर भोंगऱ्याच्या पहाटे तळोद्याहून धडगावला निघालो, चांदसैली घाटाच्या अलीकडे चहाला थांबलो आणि पुन्हा तोच 'टक'. दिवे मात्र लख्ख. आम्ही चालकावर भडकलो, 'रात्री दिवे चालू ठेवलेस म्हणून बॅटरी उतरली' असे चारचौघांत बोललो. तो गप्प राहिला.

उतारही नव्हता आणि भरलेली गाडी ढकलायला माणसेही पुरेनात. दोन तासांनी एक म्हातारे मिस्त्री भेटले. त्यांनी बॉनेट उघडून बॅटरीवरची पट्टी दोन बोटांनी हलवली, तर ती बांगडीसारखी गोल फिरली. पुसली, आवळली, सेल्फ लागला. काम दहा मिनिटांचे. आम्ही धडगावला पोहोचलो तेव्हा दुपार झाली होती आणि चांगल्या जागा गेल्या होत्या. निम्मा माल परत आला, उधारी मात्र तशीच राहिली. दुखणे रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात, तसा आमचा कारभार झाला.

दिवे लागतात, मग सेल्फ का नाही?

बॅटरीवर शिशाच्या दोन खुंट्या असतात, एक धन (+) आणि एक ऋण (−). त्यांच्यावर वायरची पट्टी नट-बोल्टने आवळलेली असते. तिलाच मिस्त्री टर्मिनल म्हणतात. पट्टी सैल झाली किंवा मध्ये क्षार साचला की वीज जाण्याची वाट अरुंद होते.

आपल्या धंद्यातला दाखला घ्या. कच्च्या टाक्याने जोडलेला कपडा खुंटीला टांगला तर टिकतो. ओढला की उसवतो. गाडीचे दोन मोठे दिवे साधारण १० अँपिअर वीज घेतात. सेल्फ मात्र २०० अँपिअर किंवा त्याहून अधिक ओढतो. समजा, सैल जोडाचा अडथळा फक्त ०.०२ ओहम आहे. दिव्यांच्या वेळी तिथे ०.२ व्होल्टच वाया जातात, म्हणून दिवे लख्ख दिसतात. सेल्फच्या वेळी तिथेच ४ व्होल्ट खाल्ले जातात. १२ व्होल्टपैकी उरले ८, त्यात इंजिन कसे फिरणार? आणि ४ व्होल्ट गुणिले २०० अँपिअर म्हणजे ८०० वॅट, घरच्या इस्त्रीएवढी उष्णता त्या लहानशा जोडात निर्माण होते.

नवी बॅटरी आठ दिवस का चालली, हेही आता कळले. बसवताना पट्टी काढून पुन्हा लावली गेली, तेवढ्यापुरता जोड ताजा झाला. पट्टी जुनी, ताणलेलीच होती. खडीच्या रस्त्याने ती पुन्हा सैल केली.

दोष कसा ओळखावा?

गाडी बंद करून दोन्ही पट्ट्या हाताने फिरवून पाहा. जरासुद्धा हलता कामा नये. पांढरा किंवा हिरवट-निळा क्षार दिसला तर सफाई हवी. नंतर मोठे दिवे लावून सेल्फ मारा. दिवे एकदम विझले आणि नुसता 'टक' आला तर बहुधा जोड सैल आहे. दिवे मंद होऊन सेल्फ रेंगाळत फिरला तर बॅटरी उतरली असण्याचा संभव अधिक. दोन-तीन वेळा सेल्फ मारल्यावर एखादे टर्मिनल गरम झाले असेल तर दोष तिथेच.

मीटर असेल तर एक टोक खुंटीवर, दुसरे पट्टीवर धरून सेल्फ मारायला सांगा. काटा ०.२ व्होल्टच्या वर गेला तर जोड खराब. गाडी काही तास उभी राहिल्यावर चांगली भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ यावेत.

दुरुस्ती

इंजिन बंद, चावी काढलेली. अंगठी, घड्याळ, कडे उतरवा. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, म्हणून जवळ विडी-काडी नको.

आधी ऋण पट्टी सोडवा, मग धन. गाडीचा लोखंडी सांगाडा ऋण बाजूला जोडलेला असतो. धन आधी सोडवताना पाना सांगाड्याला लागला तर मोठी ठिणगी उडते. बहुतेक गाड्यांत १० नंबरचा पाना लागतो. पट्टी निघत नसेल तर हातोडा मारू नका, शिसे नरम असते, खुंटी फुटते. बोल्ट पुरता सैल करून हळू फिरवत वर काढा.

खाण्याचा सोडा पाण्यात कालवून जुन्या ब्रशने क्षार धुवा. हे पाणी झाकणातून बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका, आतले ॲसिड निकामी होते. मग काचपेपरने खुंटी आणि पट्टीची आतली बाजू चमकेपर्यंत घासा व कोरडी करा. डोळ्यांत काही उडाले तर भरपूर पाण्याने धुऊन डॉक्टरकडे जा. काम झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय खाऊ नका, शिसे विषारी असते.

बसवताना आधी धन, शेवटी ऋण. पट्टी खुंटीच्या तळापर्यंत दाबून आवळा, पण ताकद लावून नव्हे. जोडल्यावर वरून व्हॅसलीनचा पातळ थर द्या.

बोल्ट पुरता आवळूनही पट्टीची दोन टोके एकमेकांना टेकली आणि पट्टी फिरतच राहिली, तर ती ताणली गेली आहे, नवीच घ्या. साध्या जाड खुंट्यांत धन सुमारे १७.५ तर ऋण १५.९ मिलिमीटर असते. काही बॅटऱ्यांच्या खुंट्या याहून बारीक येतात, त्यावर जुनी पट्टी बसतच नाही. वाटेत अडलात तर तांब्याच्या वायरचे पदर मध्ये घालून घर गाठा. सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद घालू नका, तो जळतो.

इंजिन चालू असताना टर्मिनल कधीही काढू नका. विजेचा जोराचा झटका बसून अल्टरनेटर आणि नव्या गाड्यांतला संगणक जळू शकतो. बॅटरी खाली घट्ट बांधलेली आहे ना, हेही पाहा. ती हलत असेल तर टर्मिनल पुन्हा सैल होणारच.

व्यापारी बंधूंना विनंती

गाडीत १० नंबरचा पाना, काचपेपर, सोड्याची पुडी, जुना ब्रश आणि व्हॅसलीन ठेवा. दर महिन्याला, तसेच यात्रा वा सणाच्या बाजाराआधी दोन्ही टर्मिनल हलवून पाहा. बॅटरी बदलायला कोणी सांगितले तर आधी जोड साफ करून पाहा, मगच पैसे काढा.

दुकानाचा हिशेब जुळला नाही तर आपण आधी बेरीज पुन्हा करतो, मग कोणाला विचारतो. त्या पहाटे आम्ही बेरीज केली नाही, थेट चालकावर आळ घेतला. परतीच्या वाटेवर त्याच चहाच्या टपरीवर गाडी थांबवून, ज्यांच्यासमोर बोललो होतो त्यांच्यासमोरच त्याची माफी मागितली. तो आजही आमच्याकडेच आहे आणि निघण्यापूर्वी बॉनेट उघडून पाहिल्याशिवाय चावी फिरवत नाही.