मोजणीत आपण किती?

आरोग्याच्या पानावर जनगणना कशाला, असे काही भगिनी विचारतील. पण दवाखाना, अंगणवाडी, आशाताई हे सगळे डोकी मोजूनच मंजूर होते. शहरात साधारण ५०,००० लोकांमागे एक नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र, ४०० ते ८०० लोकवस्तीला एक अंगणवाडी. कागदावर वस्ती निम्मी दिसली तर सोयीही निम्म्याच.

लोकसंख्येच्या शास्त्राचा पाया जॉन ग्राँट या लंडनच्या कापड व्यापाऱ्याने घातला. शहरात वीस-वीस लाख माणसे आहेत अशा गप्पा चालत. १६६२ साली त्याने मृत्यूच्या आठवडी याद्यांवरून हिशेब मांडला, तो निघाला सुमारे ३ लाख ८४ हजार. तिकडे फुगवलेला आकडा खाली आला. आपल्याकडे खराच आकडा दाबला गेला.

१९३२ मध्ये मताधिकार ठरवणाऱ्या लोथियन समितीवर बाबासाहेब सदस्य होते. संख्येप्रमाणे जागा मिळणार म्हटल्यावर अस्पृश्यांचे आकडे आटू लागले. संयुक्त प्रांतात जनगणनेप्रमाणे १ कोटी २६ लाख अस्पृश्य. प्रांतिक समितीने सांगितले ६ लाख. बंगालात १ कोटी ३ लाखांचे ७० हजार केले! एवढी माणसे काय एका साथीत गेली? बाबासाहेबांनी समितीला वेगळे टिपण दिले आणि पुढे ही लबाडी आकड्यांसह लिहून ठेवली.

दीक्षेनंतर आपल्या लोकांनी मोजणाऱ्याला ठणकावून ‘बौद्ध’ सांगितले. महाराष्ट्रात १९५१ ला २,४८७ असलेले बौद्ध १९६१ ला २७,८९,५०१ झाले.

आता २०२७ ची जनगणना जाहीर झाली आहे, जातही विचारणार आहेत. आपल्या दिघ्यात बाया घरकामाला, पुरुष एमआयडीसीत पाळीला, दाराला कुलूप. शेजारणीला सांगून ठेवा, मोजणारा परत कधी येईल ते विचारायला लावा. एका खोलीत दोन चुली असतील तर दोन कुटुंबे सांगा. भाडेकरू, पोटमाळ्यावरचा दीर, कायम तुमच्याकडे राहणारी म्हातारी आई, सगळ्यांची नावे द्या. तान्हे बाळ हमखास सुटते, अजून नाव ठेवले नाही म्हणून! नाव नसले तरी बाळ मोजले जाते.

धर्म बौद्ध, जात दाखल्यावर आहे ती. बौद्ध लिहिले की सवलत जाते ही भीती जुनी आहे. १९९० च्या कायद्याने बौद्धांनाही अनुसूचित जातीत धरले आहे. नोंद झाली की ती वाचून दाखवायला सांगा.