बायोडेटा : कागदावरची पहिली भेट

इ. स. १४८२ च्या सुमारास लिओनार्दो दा विंची याने मिलानचा सत्ताधीश लुदोविको स्फोर्झा याच्याकडे काम मिळावे म्हणून एक पत्र लिहिले. त्याचा मसुदा आजही उपलब्ध आहे. इटलीतील राज्यांमध्ये त्या काळी वारंवार युद्धे होत. म्हणून त्याने वाहून नेण्याजोगे पूल, तोफा आणि वेढ्याची साधने यांविषयीचे आपले ज्ञान आधी मांडले. चित्रकलेचा उल्लेख मात्र अगदी शेवटी केला. उत्तम बायोडेटाचे मर्म याच क्रमात आहे. आपणांस काय सांगावयाचे आहे, यापेक्षा समोरच्यास कशाची गरज आहे, याचा विचार प्रथम व्हावयास हवा.

आपल्याकडील अनेक अर्जांच्या आरंभी वडिलांचे नाव, जात, उंची असा तपशील आढळतो. तो विवाह जुळविताना उपयोगी पडेल, नोकरीसाठी नव्हे. अर्ज लिहिताना पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१. जाहिरात बारकाईने वाचून तीत मागितलेली पात्रता व अनुभव प्रथम लिहावा. सर्वांत अलीकडचे काम वर, जुने खाली.

२. विशेषणांऐवजी काम व आकडे द्यावेत. ‘लेखा विभागाचा दांडगा अनुभव’ यापेक्षा ‘दरमहा सुमारे ४०० बिलांच्या नोंदी टॅलीमध्ये केल्या, जीएसटी विवरणपत्रे मुदतीत भरली’ हे वाक्य अधिक बोलके ठरते. नवपदवीधराने स्नेहसंमेलनाचा हिशेब ठेवला असल्यास तोही रकमेसह नमूद करावा.

३. नवोदितास एक पान पुरेसे आहे. आज अनेक कंपन्यांत अर्जांची पहिली छाननी संगणकप्रणाली करते. चौकटी व चित्रे यांतील मजकूर तिच्या नजरेतून सुटू शकतो. मांडणी साधी असावी.

४. आधार, पॅन व बँक खात्याचे क्रमांक बायोडेटात कधीही देऊ नयेत. हा कागद किती हातांतून जाईल, हे सांगता येत नाही. फसवणुकीस तेवढे निमित्त पुरते.

राहिला प्रश्न अतिशयोक्तीचा. सहा महिन्यांचा अनुभव दोन वर्षांचा करण्याचा मोह अनेकांना होतो. परंतु पूर्वीच्या कार्यालयाकडे चौकशी होते, कागदपत्रे पडताळली जातात. खोटी माहिती आढळल्यास मिळालेली नोकरीही जाऊ शकते आणि गेलेली पत सहजासहजी परत येत नाही. नोकरीतील खंडही लपवू नये. आजारपण असो वा घरची जबाबदारी, एका ओळीत सांगितलेले खरे कारण मुलाखतीत उमेदवाराच्या पाठीशी उभे राहते.

खातेवही असो वा बायोडेटा, प्रत्येक नोंदीमागे पुरावा हवा. ज्या ओळीविषयी मुलाखतीत पाच मिनिटे निःशंकपणे बोलता येईल, तीच ओळ कागदावर ठेवावी.